गेम उघडतच नाही, दोन सेकंद गोल फिरतंय आणि गप्प

रातकिडा_केए२२ | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, चार दिवस झाले डोकं फोडून घ्यालोय. सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय. विंडोज ११, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं. गेम जुना आहे, २००९-१० च्या सुमाराचा, त्यामुळे मशीन कमी पडतंय असं कुणी म्हणू नका. याच्या निम्म्या मशीनवर हाच गेम खेळून मी कॉलेजात दोन विषय घालवलेत. गेमचं नाव देत नाही. मागच्या धाग्यात दिलं होतं, तर फॅनमंडळींच्या भांडणात माझा प्रश्न कुठल्या कुठे गेला.

होतंय काय, तर आयकॉनवर डबल क्लिक केलं की कर्सरशेजारी निळं गोल दोन सेकंद फिरतं आणि गप्प. एरर नाही, काळी स्क्रीन नाही, आवाज नाही. टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर गेमचं नाव यादीत येतं, आणि कचेरीतल्या साहेबासारखं दिसलं म्हणेपर्यंत गायब.

अ‍ॅडमिन म्हणून चालवून झालं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सला जाऊन गेमला मोठं कार्ड लावून दिलं. स्टीमवरून विकत घेतलेला गेम आहे, फाइली तपासून घेतल्या, सगळ्या बरोबर म्हणतोय. अँटिव्हायरसच्या हिस्टरीत काही अडकलेलं नाही. उद्या रविवार आहे आणि मला खेळायचंय, बास.

फॉरमॅट_मार_मर्दा | रात्री ११:४४

फॉरमॅट मार.

रातकिडा_केए२२ | रात्री ११:४५

तुमचं नाव वाचूनच उत्तर कळलं होतं ओ.

संकेश्वरी_मिरची | रात्री ११:५८

जुना गेम म्हटल्यावर डायरेक्टएक्सचा जून २०१० चा पॅक घातलास का? विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी नऊ नंबरवर चालणाऱ्या गेमना ज्या जादा फाइली लागतात त्या नव्या विंडोजमध्ये आपसूक येत नाहीत. दुसरं, व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम. मशीन ६४ बिटचं म्हणून लोक ६४ वालाच घालतात आणि बसतात. गेम ३२ बिटचा असला तर त्याला ३२ वालाच लागतो, शेजारी ६४ वाला असून काही उपयोग नाही. दोन्ही घाल.

रातकिडा_केए२२ | रात्री १२:३५

दोन्ही घातले, रीस्टार्ट केलं. तेच. गोल फिरतंय, गप्प.

जांबोटी_घाट | रविवार, सकाळी ७:१०

इकडं पाऊस लागून राहिलाय, नेट येऊन-जाऊन आहे, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

मिरचीताईंनी सांगितलं ते घालून ठेवलंस ते बरं केलंस, पण दुखणं ते नसणार. डीएलएल फाइल नसती तर विंडोजने खिडकी उघडून अमुक फाइल सापडत नाही म्हणून नाव घेऊन सांगितलं असतं. ३२-६४ ची सरमिसळ असती तर शेवटी ७बी असलेला एरर कोड तोंडावर आला असता. तुझा गेम न बोलता जातोय. याचे दोनच अर्थ. एकतर तो आतून कोसळतोय, नाहीतर स्वतःच ठरवून दार लावून घेतोय. हे दोन रोग वेगळे आहेत, आणि कुठला ते कळल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोध. विंडोज लॉग्ज, त्यात अ‍ॅप्लिकेशन. गेम चालू करून बघ आणि लगेच तिथं रिफ्रेश मार. कोसळला असेल तर त्याच मिनिटाची लाल खूण दिसेल, आणि त्यात कुठल्या मॉड्यूलने घात केला ते नावासकट असेल. लाल खूण नसेल तर गेमच्या फोल्डरात लॉग नावाची फाइल आहे का बघ आणि तिच्या शेवटच्या ओळी इथं टाक.

निपाणीकर_आजोबा | सकाळी ८:०२

तुम्हा पोरांची मजा आहे. आमच्या वेळी डॉस होतं. मशीनमध्ये रॅम किती का असेना, गेमला पहिल्या ६४० केबीतच जागा करून द्यायला लागायची. ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग या दोन फाइलींत एकेक ओळ खोडत बसायचं. माउसचा ड्रायव्हर काढला की गेम बसायचा, मग कळायचं की गेम माउसवर चालतोय. चहा दोनदा व्हायचा तेवढ्यात. चालू द्या, मी वाचतोय.

रातकिडा_केए२२ | सकाळी १०:२०

घाटभाऊ, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेमच्या नावाची एकपण लाल खूण नाही. लॉग मात्र सापडला, डी ड्राइव्हवर गेमच्या फोल्डरातच. अकराच ओळी. ग्राफिक्स कार्डाचं नाव वगैरे बरोबर वाचलंय. शेवटच्या दोन ओळींचा मतलब असा:

सेव्ह फोल्डर : सी:\युजर्स\??????\डॉक्युमेंट्स
फोल्डर तयार करता आला नाही, बंद करत आहे

जांबोटी_घाट | सकाळी १०:३१

थांब. ती सहा प्रश्नचिन्हं तू घातलीस का, नाव झाकायला?

रातकिडा_केए२२ | सकाळी १०:३३

नाही ओ. फाइलीत तशीच आहेत.

जांबोटी_घाट | सकाळी १०:३४

सी ड्राइव्हवर युजर्समध्ये जा. तुझ्या फोल्डरचं नाव काय आहे?

रातकिडा_केए२२ | सकाळी १०:४१

बेळगाव. मराठीत.

सांगतो कसं ते. दुकानातल्या पोराने लॅपटॉप लावून देताना नाव काय घालू विचारलं. बाबा शेजारच्या स्टुलावर. निवृत्त मराठी शाळामास्तर. म्हणाले, बेळगाव घाल, आणि मराठीत घाल. पोरगं म्हणालं, मराठी टाइप येत नाही. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि इनस्क्रिप्टच्या मराठी कीबोर्डवर एका बोटाने एकेक अक्षर शोधत घातलं. ळ सापडायला वेळ लागला. मागे गिऱ्हाईक थांबलेलं, बाबांना त्याचं काय.

जांबोटी_घाट | सकाळी ११:२६

मग सापडलं. मोज. ब, त्यावरची मात्रा, ळ, ग, काना, व. सहा. मशीनला मात्रा आणि काना हे वेगळे नग असतात, म्हणून डोळ्याला अक्षरं चार दिसली तरी नग सहा, आणि प्रश्नचिन्हं सहा.

झालंय असं. विंडोज एनटी १९९३ साली आलं तेव्हापासून आतून युनिकोडवरच (जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत नंबर) चालतंय, त्याला तुझं बेळगाव नीट कळतंय. डेस्कटॉपवर, फोल्डरच्या यादीत सगळीकडं बरोबर दिसतंय ते त्यामुळेच. पण प्रोग्रामनी विंडोजशी बोलायला टपालात असतात तशा दोन खिडक्या आहेत. एका खिडकीवर जगातली कुठलीही लिपी चालते. दुसरी जुन्या काळची, तिथल्या कारकुनापुढं एकच कोडपेज, म्हणजे कुठल्या नंबराला कुठलं अक्षर याचा तक्ता, पसरलेलं असतं. इंग्रजीवर लावलेल्या मशीनवर ते १२५२ नंबरचं, २५६ खणांचं, पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेलं. थाईसाठी ८७४ आहे, जपानीसाठी ९३२ आहे. देवनागरीसाठी सिस्टिमला लावता येईल असं कोडपेजच नाही. मग कारकुनाला जे अक्षर सापडत नाही तिथं तो प्रश्नचिन्ह ठोकून कागद पुढं सरकवतो.

तुझा गेम या दुसऱ्या खिडकीवर गेला. तिथून त्याला सहा प्रश्नचिन्हं मिळाली. त्याने ती नाव समजून तिथं फोल्डर करायला घेतला. आणि विंडोजमध्ये फाइलीच्या नावात जी नऊ चिन्हं चालत नाहीत त्यात प्रश्नचिन्ह आहे! फोल्डर होईना, सेव्हला जागा नाही, म्हणून गेमने दार लावून घेतलं. कोसळला नाही, त्यामुळे लाल खूण नाही. सगळं जुळतंय.

संकेश्वरी_मिरची | सकाळी ११:४०

एक दुरुस्ती. विंडोजमध्ये देवनागरीला ५७००२ नंबर आहे. १९९१ चं इस्की, भारतीय लिप्यांसाठी ठरवलेलं.

जांबोटी_घाट | सकाळी ११:४९

आहे ताई, पण ते एका रूपातून दुसऱ्या रूपात मजकूर बदलून घ्यायच्या कामाचं. सिस्टिमचं कोडपेज म्हणून ते बसत नाही. म्हणून तसं लिहिलं.

बैलहोंगलचा_मित्र | दुपारी १:१५

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, मराठी दोस्तांमध्ये राहून आली, चूक झाली तर सांभाळून घ्या. हा गेम कुठला ते मला कळलं, माझ्याकडे पण आहे. गंमत म्हणून एक नवीन युजर केला, नाव कन्नड अक्षरांत बेळगावी. गेम चालू केला. गोल फिरलं, गप्प. लॉग बघितला तर सात प्रश्नचिन्हं.

तुमचं सहा, आमचं सात. शेवटी वेलांटी आहे ना आमच्याकडे.

निपाणीकर_आजोबा | दुपारी १:२२

एकाने पुढं गेलात. सुप्रीम कोर्टात २००४ पासून सीमेचा दावा चालू आहे, त्यात हा मुद्दा घालू नका म्हणजे झालं.

बैलहोंगलचा_मित्र | दुपारी १:२४

आजोबा, गेमच्या पुढे आपण दोघे पण सारखेच अडाणी.

रातकिडा_केए२२ | दुपारी २:०५

कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अकाउंटचं नाव इंग्रजीत केलं. लॉगिनला इंग्रजी दिसालंय. रीस्टार्ट पण केलं. गेम तसाच, लॉगमध्ये तीच सहा प्रश्नचिन्हं. हे कसं काय?

निपाणीकर_आजोबा | दुपारी २:१३

हे मला विचार. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं नाव बदललं, स्टेशनावर पाटी बदलली. तिकीट काढायला गेलास की रेल्वेचा कोड काय असतो? अजून बीजीएमच. पाटी वेगळी, वहीतलं नाव वेगळं. तुझ्या विंडोजचंपण तसंच असणार.

जांबोटी_घाट | दुपारी २:३०

आजोबांनी माझ्यापेक्षा बरं सांगितलं. अकाउंट पहिल्यांदा तयार होतं त्या क्षणी फोल्डरचं नाव पडतं. नंतर तू बदलतोस ती नुसती पाटी.

फॉरमॅट_मार_मर्दा | दुपारी २:३३

रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्टमध्ये जाऊन फोल्डरचं नाव बदल, पाच मिनिटांचं काम.

संकेश्वरी_मिरची | दुपारी २:५०

रातकिड्या, त्या वाटेला जाऊ नकोस. मी केलंय ते. एक ठिकाणी नाव बदललं, दहा ठिकाणी जुनंच राहिलं, आणि लॉगिन केल्यावर विंडोजने टेंपररी प्रोफाइल उघडून दिलं. कोरा डेस्कटॉप. लेकीचे वाढदिवसाचे फोटो गेले असं वाटून माझ्या हातापायातलं बळ गेलं होतं. फाइली जुन्या फोल्डरात होत्या, सापडल्या, पण ती संध्याकाळ नको परत.

त्यापेक्षा डॉक्युमेंट्स फोल्डरच हलव. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या फोल्डरात नेऊन ठेव.

रातकिडा_केए२२ | दुपारी ३:४०

ताई, एक पाऊल पुढं! कंपनीचं बोधचिन्ह दिसलं, अर्धा सेकंद संगीत वाजलं. अंगावर काटा आला बघा. आणि मग परत गप्प. आता लॉगमध्ये डॉक्युमेंट्स बरोबर आहे, पण पुढची ओळ युजरच्या फोल्डरातल्या अ‍ॅपडेटा फोल्डरची, त्यात तीच सहा प्रश्नचिन्हं.

जांबोटी_घाट | दुपारी ४:२०

अ‍ॅपडेटा असं हलत नाही. आता दोन उपाय राहिले. एक सोपा आणि जरा बेभरवशाचा, दुसरा कंटाळवाणा आणि पक्का.

सोपा आधी बघ. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब, चेंज सिस्टिम लोकेल. तिथं खाली जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ (युनिकोड लिहायची एक पद्धत) वापरा अशा अर्थाची चौकट आहे. २०१८ च्या अपडेटपासून आहे, अजून नावापुढं बीटा लावलेलं आहे. खूण कर, रीस्टार्ट कर. मग त्या जुन्या खिडकीवरच्या कारकुनाला पण सगळ्या लिप्या लिहिता येतात. सगळेच जुने गेम याने उठतात असं नाही, पण बरेच उठतात.

रातकिडा_केए२२ | संध्याकाळी ५:०२

उघडला!!!

मेनू आला, नवीन गेम चालू केला, सेव्हपण झाला. घाटभाऊ, बेळगावला आलात की कुंदा माझ्याकडून. बैलहोंगलच्या मित्रालापण.

बैलहोंगलचा_मित्र | संध्याकाळी ५:०५

मी बेळगावच्या कॅम्पातच आहे आत्ता.

रातकिडा_केए२२ | संध्याकाळी ६:४८

लोकहो, घोटाळा झालाय. गेम चालतोय, पण बायको घरी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते याच लॅपटॉपवर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये. तिने उद्याची पत्रिका उघडली तर वर गणपतीचं चित्र ठीक, खाली "श्री" च्या जागी चौकोन, नवरदेवाचं अर्धं नाव चौकोन, मुहूर्ताची वेळ तेवढी वाचता येते. उद्या सकाळी नऊला प्रेसला द्यायची आहे. ती माझ्याशी बोलत नाहीये, नुसती बघालीय.

जांबोटी_घाट | संध्याकाळी ६:५१

सेव्ह करू नका!! फाइल तशीच बंद करा. चौकटीतली खूण काढ, रीस्टार्ट कर, मग उघड.

रातकिडा_केए२२ | संध्याकाळी ७:०४

आली परत. सगळी अक्षरं जागच्या जागी. सेव्ह केली नव्हती, नशीब. आता हे का झालं ते सांगा, घरात उत्तर द्यायचंय.

जांबोटी_घाट | संध्याकाळी ७:३०

चूक माझी, आधी विचारायला हवं होतं.

तो जुना फॉन्ट म्हणजे वेषांतर आहे. फाइलीत मराठी नसतंच. तिथं इंग्रजी अक्षरं आणि त्या १२५२ मधली युरोपातली चिन्हं असतात, डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली. फॉन्टमध्ये त्या चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. देवनागरीला कोडपेज नव्हतं म्हणून आपल्याकडच्या लोकांनी दुसऱ्याचंच कोडपेज घेऊन त्यावर आपली चित्रं चिकटवली. एवढी वर्षं पत्रिका, हँडबिलं, स्मरणिका सगळ्या त्यावरच निघाल्या. तू चौकट लावलीस तेव्हा १२५२ उठलं आणि यूटीएफ-८ बसलं. पहिल्या १२८ खणांतलं तसंच राहिलं, म्हणून मुहूर्ताचे आकडे वाचता आले. वरच्या १२८ खणांतलं जे होतं ते नव्या हिशोबात अर्धवट, म्हणून चौकोन.

म्हणजे तुझ्या गेमला ते कोडपेज नको आहे आणि वहिनींच्या पत्रिकेला तेच पाहिजे. एका मशीनवर ती चौकट एकतर सगळ्यांना लागते, नाहीतर कुणालाच नाही.

निपाणीकर_आजोबा | संध्याकाळी ७:३८

पत्रिकेची बाजू घे. गेम उद्यापण असेल.

जांबोटी_घाट | संध्याकाळी ७:४५

आता पक्का उपाय. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स. मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय नवीन युजर कर आणि नाव घालताना इंग्रजी लहान अक्षरांत घाल, मध्ये मोकळी जागा नको. एकदा त्या युजरमध्ये जाऊन ये, म्हणजे युजर्समध्ये त्याचं फोल्डर इंग्रजी नावाने तयार होईल. गेम डी ड्राइव्हवर आहे, परत उतरवायला नको. स्टीममध्ये लॉगिन कर आणि चालव. यूटीएफ-८ च्या चौकटीला हात लावायचा नाही.

रातकिडा_केए२२ | रात्री ८:५५

चालला. पक्का चालला, तीनदा बंद करून उघडला. जुन्या युजरमध्ये पत्रिका पण ठीक.

पण नवीन भानगड. बाबा जेवून आले, लॉगिनचा पडदा बघितला आणि म्हणाले, हे इंग्रजी बेळगाव कुणी घातलं? मी सगळं समजावून सांगितलं. कोडपेज, खिडकी, कारकून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण आपल्या घरात आपल्या गावाचं नाव इंग्रजीत नको.

निपाणीकर_आजोबा | रात्री ९:०१

मास्तरांचं बरोबर आहे. आणि उपाय तर तू दुपारीच केलायस लेका. दुपारी पाटी बदलून फोल्डर बदललं नाही म्हणून रडत होतास. आता तेच उलटं कर की.

जांबोटी_घाट | रात्री ९:०४

आजोबा, दंडवत. अगदी बरोबर. फोल्डरचं नाव एकदा पडलंय, ते आता इंग्रजीच राहणार. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन त्या नवीन अकाउंटचं नाव खुशाल मराठीत कर. गेमला फोल्डर दिसेल, बाबांना पाटी.

रातकिडा_केए२२ | रात्री ९:३३

केलं. दुपारी इंग्रजीत केलेलं जुन्या अकाउंटचं नावपण परत मराठीत केलं. बाबांनीच टाइप केलं. ळ यावेळी लगेच सापडला.

आता लॉगिनला खाली-वर दोन बेळगाव दिसतात. कुठलं गेमचं आणि कुठलं पत्रिकेचं ते कळावं म्हणून बायकोने तिच्या अकाउंटला गणपतीचा फोटो लावलाय. माझ्या अकाउंटला तिने भोपळ्याचा लावलाय.

संकेश्वरी_मिरची | रात्री ९:४०

वहिनींना माझा नमस्कार सांग.

फॉरमॅट_मार_मर्दा | रात्री ९:४२

फॉरमॅट मारला असता तर सकाळीच झालं असतं.

जांबोटी_घाट | रात्री ९:४४

आणि परत मराठीत नाव घातलं असतं. मग?

फॉरमॅट_मार_मर्दा | रात्री ९:४५

परत फॉरमॅट.

रातकिडा_केए२२ | रात्री ११:१०

एक शेवटचं. गेमचा आवाज फक्त डाव्या कानात येतोय. नवा धागा काढू की इथंच विचारू?

जांबोटी_घाट | रात्री ११:१२

हेडफोनची पिन आधी नीट आत खुपस.

रातकिडा_केए२२ | रात्री ११:१३

आला.